गोडाची वही: सप्टेंबर ते जानेवारी

29 सप्टेंबर 2024, रविवार

आजपासून वही सुरू. सातवीच्या मुलांना दरवर्षी विज्ञानाचा प्रकल्प देताना मी सांगते, आधी निरीक्षण करा, निष्कर्षाची घाई नको. आता तोच नियम स्वतःला लावायचा आहे.

मला मधुमेह आहे. परवाचा रिपोर्ट: एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 8.9, उपाशीपोटी साखर 168. डॉक्टर मॅडमनी मेटफॉर्मिनच्या गोळीच्या जोडीला ग्लिमेपिराइड ही दुसरी गोळी, 1 मिलिग्रॅम, सुरू केली. गोड बंद करा, असं चार वर्षं सगळे सांगतायत. मी ते बंद करते, पंधरा-वीस दिवस पाळते, आणि मग एखाद्या रात्री अंधारात, झाकणाचा आवाज न करता गुळाचा डबा उघडते. सकाळी स्वतःचीच लाज वाटते. ही लाज आता बाजूला ठेवायची आणि मोजायचं.

प्रश्न एवढाच: मला गोड खावंसं वाटतं ते नेमकं कधी आणि कशामुळे?

साहित्य: दोनशे पानी वही, ग्लुकोमीटर, पट्ट्या (एकीला वीसेक रुपये पडतात, म्हणून दिवसाला तीनच), स्वयंपाकघरातला वजनकाटा. पहिले पंधरा दिवस काहीही बंद करायचं नाही. वेळ, काय हवंसं वाटलं, त्याआधी काय झालं, मीटरवर किती, खाल्लं का आणि किती, एवढंच लिहायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवते, कारण ती सगळ्या नोंदींच्या मागे असणार. आमचं घर पन्हाळा तालुक्यातलं, गुऱ्हाळाचं. दिवाळीनंतर आमच्या रानात चुलवाण पेटतं ते मार्चपर्यंत विझत नाही.

1 ऑक्टोबर, मंगळवार

चहाचा हिशेब केला. घरी दोन, शाळेत दोन, येता-जाता कुणाकडे तरी एक. काट्यावर बघितलं तर आमच्या घरचा एक सपाट चमचा साखर 4 ग्रॅम भरते. कपाला दोन चमचे. म्हणजे पाच कपांत 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम, आणि हे तर निरोगी माणसासाठी. मी मात्र आजवर चहाला गोडात धरलंच नव्हतं. विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की मी आज गोड काही खाल्लं नाही.

3 ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

उठता-बसता उपवास. सकाळी गोळ्या घेतल्या, कपभर चहा घेतला आणि शाळेत गेले. 12 वाजून 10 मिनिटांनी फळ्यावर लिहिताना हात थरथरायला लागला. पाठीवर घाम. छातीत धडधड. आणि गोड हवं, आत्ता हवं, हातात येईल ते हवं. पोरांसमोर उभं राहवेना. खुर्चीत बसून बोट टोचलं: 61.

70 च्या खाली गेलं की 15 ग्रॅम साखर घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातून चार चमचे साखर मागवली, पाण्यात ढवळून प्यायले. पंधरा मिनिटांनी 88. मग उपवास मोडला आणि मुलांबरोबर खिचडी खाल्ली. घटाला मनात हात जोडले.

ही आजवरची सगळ्यात महत्त्वाची नोंद. हे हावरेपण नव्हतं. शरीर जिवासाठी ओरडत होतं. अशा वेळी मन घट्ट करून, दात दाबून बसले असते तर वर्गात कोसळले असते.

4 ऑक्टोबर

डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या. मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर इतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. ही गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. उपवास करायचा तर आधी मला विचारा, म्हणाल्या. आणि साखर उतरल्यावर चॉकलेट किंवा पेढा खाऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साधी साखर किंवा ग्लुकोजची पावडर घ्या.

पर्समध्ये आता ग्लुकोजची पुडी असते. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनाही सांगून ठेवलंय. हे आधीच करायला हवं होतं.

9 ऑक्टोबर

पुन्हा थरथर, पुन्हा तशीच धडधड, सकाळी साडेअकराला. पुडी फोडणारच होते, पण आधी मीटर काढला: 121.

विश्वास बसेना. हात धुऊन परत बघितलं, 119. फोनवर कळलं की असंही होतं. महिनोन्‌महिने साखर दोनशेच्या वर राहिली की शरीराला तीच सवय लागते, आणि आकडा योग्य जागी उतरायला लागला तरी ते घाबरून तीच लक्षणं दाखवतं. काही आठवड्यांनी ते निवळतं. मूठभर फुटाणे खाल्ले, पाणी प्यायले, गप्प बसले. वीस मिनिटांत ओसरलं.

दोन्ही दिवशी वाटलं अगदी एकसारखं, आकडे मात्र 61 आणि 121. मोजलं नसतं तर दुसऱ्या दिवशीही चार चमचे साखर पोटात गेली असती. उलट परवाच्या 61 ला मी 'पुन्हा ओढ लागली' म्हणून दाबलं असतं तर काय झालं असतं, ते लिहायलाही नको.

13 ऑक्टोबर, रविवार

पंधरवडा संपला. गोडाची आठवण झाली असे 57 प्रसंग. बसून गट पाडले. खरोखर साखर उतरलेली: 1. उतरल्यासारखं वाटलं पण उतरली नव्हती: 4. दुपारी चार ते साडेपाच: 19. रात्री जेवणानंतर: 21. कुणीतरी हातावर ठेवलं म्हणून: 12.

चार वर्षं मी या सगळ्याला एकच नाव देत होते: माझ्या मनाचा कमकुवतपणा. वहीत बघितलं तर या पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पाचांचा इलाज एक असणं शक्य नाही.

16 ऑक्टोबर. कोजागिरी

मसाला दूध, अर्धा कप, साखर निम्मी. दोन तासांनी 184. ठीक.

21 ऑक्टोबर

चार वाजताच्या ओढीचा माग लागतोय. तीन दिवस दुपारी जेवणानंतर दोन तासांनी आणि परत साडेचारला मोजलं. डब्यात नेहमीचं: तीन चपात्या, बटाट्याची भाजी, वर शाळेतल्या खिचडीची चव घेता घेता वाटीभर भात. दोन तासांनी 236, साडेचारला 148. म्हणजे साखर भरभर चढते आणि तशीच उतरते, आणि त्या उतारावर मला बिस्किटं आठवतात.

डबा बदलला. आधी काकडी-मुळा, मग मटकीची उसळ किंवा मेथीची भाजी, शेवटी एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर ताक. भाकरीला भाजीच्या नंतर हात लावायचा, हा क्रम पाळायला जड गेलं. आपल्या हाताला घास मोडून भाजीत बुडवायची सवय. पण आकडा बोलतो: दोन तासांनी 171, साडेचारला 139. चढच छोटा, मग उतारही छोटा. आठवडाभरात दुपारची ओढ चारदाच आली. आधीच्या आठवड्यात दहादा आली होती.

चहात आता दीड चमचा. कुणाला सांगितलेलं नाही. दर दहा-बारा दिवसांनी पाव चमचा उतरवायचा बेत आहे. एकदम बंद केला होता तेव्हा तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला होता.

26 ऑक्टोबर

लाडू वळता वळता मीटर लावला आणि काळजात धस्स झालं: 318. रडूच आलं. हे म्हणाले, हात धुऊन बघ. साबणाने धुतला, कोरडा केला, दुसरं बोट टोचलं: 162. बोटाला पिठीसाखर होती. चुकीचा आकडा खोडलेला नाही, लाल शाईनं गोल करून ठेवलाय. आमच्यासारख्या घरात, जिथे कायम कुणाच्या ना कुणाच्या बोटाला गूळ असतो, हे प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवं.

1 नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

सकाळीच ठरवून वहीत लिहिलं: दिवसाला फराळातलं गोड एकच, तेही दुपारच्या जेवणानंतर, आणि ते मी निवडणार. बेसनाचा लाडू निवडला. ताटलीत घेऊन, बसून, सगळ्यांसमोर खाल्ला. कितीतरी वर्षांनी मला लाडवाची चव कळली. भाजलेल्या बेसनाचा खमंगपणा, वेलदोडा, कणीकणी. चोरून खाताना चव कधी लागलीच नव्हती, नुसतं गिळणं होतं.

दोन तासांनी 189. मधे पंधरा मिनिटं अंगणात चालले होते.

3 नोव्हेंबर. भाऊबीज

माहेरी. भावानं माझ्यासाठी मुद्दाम 'शुगर फ्री' मिठाई आणली होती. त्याच्या प्रेमाला नाही म्हणवेना. दोन तुकडे खाल्ले. दीड तासानं 221. खव्याला आणि त्यातल्या मैद्याला साखर न घातल्याचं काही सोयरसुतक नसतं. भावाला आकडा दाखवला आणि समजावून सांगितलं. तो वाईट वाटून घेईल असं वाटलं होतं, पण त्यानं खोक्यावरची बारीक अक्षरं माझ्याबरोबर बसून वाचली.

एक काकी म्हणाल्या, तू तर वाळकी काडी, तुला कसली शुगर. हे मी फार ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट त्यांना सांगितली. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपली अंगं वरून बारीक दिसतात, चरबी आत दडलेली असते. काकी बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, मी बी तपासून घेऊ व्हय?

19 नोव्हेंबर

गुऱ्हाळ सुरू झालं. पहाटे चारला चरक फिरायला लागतो, त्या आवाजानं जाग येते. मग चुलवाणात चिपाडं पडतात, काहिलीला आधण येतं, भेंडीचा चीक टाकून मळी काढतात, आणि सात वाजेपर्यंत तो वास घरात शिरतो. त्या वासाला शब्द नाहीत. लग्न होऊन मी या घरात आले ती याच दिवसांत, आणि आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्या दिवशी माझ्या हातावर गरम काकवी ठेवली होती. आता दारातून गेलं की गूळ शिजवणारे गुळव्या काका हाक मारतात, "वैनी, चव बघा की." रसाचा पेला पुढे होतो. पाव लिटर रसात तीसेक ग्रॅम साखर सहज असते, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक असावं असं वाटत नाही, आणि त्यांना ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

आज सांगितलं. म्हणाले, काका, मला चव नको, वास पुरे, मी इथं दहा मिनिटं बसते. त्यांनी पोतं झटकून टाकलं. बसले. ओढ आली ती घड्याळ लावून बघितली: साडेसातला सुरू, सात चव्वेचाळीसला गेली. चौदा मिनिटं.

रात्रीच्या ओढीचीही वेळ मांडतेय: 11, 14, 9, 22, 12 मिनिटं. बावीसच्या पलीकडे अजून एकही गेलेली नाही. ती कायम टिकणार, आपण खाल्ल्याशिवाय जाणारच नाही असं वाटायचं, म्हणून तर मी डब्याकडे जात होते. आता जेवण झालं की दात घासायचे आणि गुऱ्हाळापर्यंत चालून यायचं. जाऊन-येऊन बारा मिनिटं.

24 नोव्हेंबर, रविवार

गूळ आणि साखर. हा प्रयोग आत्तींसाठी.

"घरचा गूळ हाय त्यो, साखर न्हवं. औषधी असतोय. एवढ्याशानं काय हुतंय?" हे त्या रोज म्हणतात आणि मनापासून म्हणतात. आमच्या कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. शंभर किलो ऊस गाळावा तेव्हा दहा-बारा किलो गूळ हाती येतो. थोरलीची पुण्याची फी त्यातूनच भरली. त्याला विष म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

डॉक्टर मॅडमना विचारून, एकेकदाच. मागच्या रविवारी उपाशीपोटी 20 ग्रॅम साखर पाण्यातून: 132 वरून तासाभरात 209. आज 20 ग्रॅम गूळ तसाच पाण्यातून: 128 वरून 202. एकेका मोजणीवरून शास्त्र ठरत नाही, हे मुलांना सांगते तसं इथेही लिहिते. पण गुळात बहुतेक भाग साखरेचाच असतो, हे पुस्तकातही आहे आणि माझ्या बोटातही आज दिसलं. त्यातलं लोह, खनिजं खरी आहेत. ती मिळवायला मला जेवढा गूळ खावा लागेल तेवढी साखर मला झेपणारी नाही.

आत्तींनी दोन्ही आकडे बघितले. काही बोलल्या नाहीत. डबा उचलला आणि स्वतःच्या कपाटात नेऊन ठेवला.

5 डिसेंबर

आत्तींशी संध्याकाळी बोलणं झालं. मामंजींचा विषय निघाला. मामंजींना बारा वर्षं मधुमेह होता. साखरेला ते कधी शिवले नाहीत, चहासुद्धा गुळाचा. घरच्या गुळानं काही होत नाही, हे त्यांनाही सगळ्यांनी सांगितलं होतं आणि आम्हीही होकार भरला होता. पायाला उसाचं पातं लागलं, जखम भरेना, पाय बधिर म्हणून दुखलंही नाही. डाव्या पायाची बोटं काढली, मग घोट्यापासून पाय.

"मी द्यायची की गं त्यास्नी रोज जेवल्यावर खडा," आत्ती म्हणाल्या. "खुश व्हायचे."

दोघी बराच वेळ चुलीपुढे बसून होतो. मी त्यांना म्हणाले, आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं. ते खरंच आहे. पण ज्या हातानं खडा दिला त्या हाताला ते पटायला वेळ लागणार.

14 डिसेंबर

वाईट आठवडा. जशाच्या तशा नोंदी: सोमवारी 3 बिस्किटं, मंगळवारी काकवी-भाकरी (काकवी 45 ग्रॅम, दोन तासांनी 267), बुधवारी पाळी येण्याआधीची चिडचिड आणि कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक, गुरुवारी पुन्हा काकवी. शुक्रवारी लिहिलंच नाही.

मागे जाऊन बघितलं. सत्राच्या पेपर तपासणीमुळे चार रात्री पाचच तास झोप. मागच्या महिन्यातही पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस ओढ दुपटीनं आली होती आणि उपाशीपोटीचा आकडा वीसेकनं वर होता. तेव्हा लक्षात आलं नव्हतं. झोप कमी पडली की भूक वाढवणारी संप्रेरकं चढतात आणि पोट भरल्याचं सांगणारी उतरतात. पाळीआधी इन्शुलिनचं काम मंदावतं. दोन्ही एकाच आठवड्यात आली.

बदल: पेपर पहाटे तपासायचे, रात्री साडेदहाला दिवा बंद. कॅलेंडरवर त्या दिवसांना खूण. त्या दिवसांत भाजके शेंगदाणे, उकडलेलं अंडं घरात हवंच, आणि आवडीचं गोड ठरवून, जेवणानंतर, तोलून. त्या पाच दिवसांत पूर्ण बंदीचा हट्ट नाही.

शुक्रवार कोरा राहिला, ते पान तसंच ठेवलंय.

3 जानेवारी 2025

तपासणी. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून या रिपोर्टात गेल्या तीन महिन्यांचं सगळं उतरतं, फराळही, काकवीही. एचबीएवनसी 7.4.

डॉक्टर मॅडमनी वही पानोपान बघितली. ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन चालू. म्हणाल्या, 7 च्या खाली यायचं आहे, पण घाई करू नका. चहात आता अर्धा चमचा. परवा शेजारी नेहमीसारखा चहा दिला तर घोटच उतरेना, इतका गोड लागला. जीभ बदलते, यावर माझा विश्वास नव्हता.

14 जानेवारी, मंगळवार. संक्रांत

शाळेत अठ्ठावीस मुलांनी तिळगूळ दिला. प्रत्येकाच्या हातून घेतला, प्रत्येकाशी बोलले, डब्यात ठेवला. एक वडी, 14 ग्रॅम, जेवणानंतर खाल्ली. बाकीच्या गुळव्याच्या पोरांना.

दोन तासांनी मीटर लावला, 158. आत्ती शेजारीच बसल्या होत्या. गेल्या महिन्यापासून त्या रात्री तीन-तीनदा पाणी प्यायला उठतात. तळपायाला मुंग्या येतात म्हणून मला तेल चोळायला सांगतात. मी दोनदा तपासणीचं बोलले होते, तेव्हा "मला काय धाड भरलीया" म्हणून उठून गेल्या होत्या.

आज त्यांनीच पदराला हात पुसले आणि बोट पुढे केलं. "माझं बी बघ."

मी म्हटलं, आधी साबणानं धुऊन या, तिळगूळ लागलाय. त्या न्हाणीघरात जाऊन धुऊन आल्या. नवी सुई लावली, बोटाच्या कडेला टोचलं. 274.

"लई हाय का गं?"

"हाय, आत्ती. उद्या सकाळी उपाशीपोटी आपण दोघी कोल्हापूरला जाऊ."

वहीचं नवं पान काढलं. वर त्यांचं नाव, वय 71, आणि खाली रकाने आखले.